डोकं गार करणारी मुळी

मुरगूडच्या आठवडी बाजारात भाजीची रांग संपली की मुळ्या, साली आणि बिया घेऊन बसणारे भेटतात. गोणपाटावरच्या त्या ढिगात एखादी पिवळट, वेडीवाकडी मुळी असते. ‘सर्पगंधा हाय. उगाळून घ्या. डोस्कं गार हुतंय, झोप लागतीय,’ असं म्हणत विकणारा पुडी बांधायलाही घेतो. गिऱ्हाईक फार खोलात जात नाही. घरात कोणाला तरी झोप नसते, कोणाचं तरी कशातच मन लागत नसतं, आणि पुडी स्वस्त असते.

विकणारा खोटं बोलत नाही. सर्पगंधेनं डोकं खरंच शांत होतं, रक्तदाबही उतरतो. पण १९५० च्या दशकात याच मुळीपासून बनलेल्या गोळ्या रक्तदाबासाठी घेणाऱ्या काही रुग्णांच्या बाबतीत भलतंच घडलं. दाब उतरला, त्याबरोबर माणूसही उतरला. कोपऱ्यात बसून राहणं, विनाकारण रडू येणं, जगणंच नको वाटणं. डोकं गार करणाऱ्या मुळीनं मन विझवलं कसं? या एका कोड्याचा पाठलाग करता करता नैराश्याबद्दलचं बरंच शास्त्र उभं राहिलं. ताणातून येणाऱ्या नैराश्यावर झाडाझुडपांत औषध मिळेल का, या प्रश्नाकडे मी याच आडवाटेनं जाणार आहे. सरळ वाट जाहिरातींनी फार गजबजलेली आहे.

मुंबईचा डॉक्टर आणि पूर्वेकडची मुळी

सर्पगंधा आपल्याकडे नवी नाही. बिहारकडे तिला ‘पागल की दवा’ म्हणत. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेडाच्या झटक्यांवर आणि वाढलेल्या रक्तदाबावर तिचा उपयोग होतो असं लिहून ठेवलं. पण जगानं दखल घेतली ती मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या लेखाची. के.ई.एम. रुग्णालयाशी संबंध असलेल्या या हृदयरोगतज्ज्ञानं १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आपल्या रक्तदाबाच्या रुग्णांचे आकडे मांडले. किती जणांना मुळी दिली, दाब किती उतरला, त्रास काय झाला. बॉस्टनचे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी त्यानंतर ती आपल्या रुग्णांवर वापरून पाहिली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी मुळीतला मुख्य घटक वेगळा काढला. त्याचं नाव रेसरपिन. १९५७ साली वकिलांना अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

मला यातलं पुरस्कारापेक्षा वकिलांचं मोजमाप महत्त्वाचं वाटतं. मुळी हजारो लोक देत होते. मोजून, लिहून, दुसऱ्याला तपासता येईल अशा रीतीनं मांडणारे मोजके होते.

झाड हे सगळं बनवतं कशासाठी?

आपल्यासाठी नक्कीच नाही. कागल-निपाणी पट्ट्यातला तंबाखूवाला हे पुस्तक न वाचता सांगेल. तंबाखूचा शेंडा खुडला की पान कडक होतं. झाडाला जखम झाली, की कोणीतरी आपल्याला खातंय असं समजून मुळं जास्त निकोटिन तयार करतात आणि ते पानांकडे पाठवतात. निकोटिन हे अळीला मारण्याचं विष आहे. झाडाला पळता येत नाही, म्हणून ते रसायनं बनवतं.

आता ही रसायनं नेमकी आपल्या मेंदूला का लागू पडतात? कारण किड्याच्या आणि माणसाच्या मज्जापेशी एकमेकींशी ज्या निरोप्या रसायनांनी बोलतात, त्यातली बरीचशी सारखीच आहेत. किड्याच्या कुलपासाठी घडवलेली किल्ली कधी कधी आपल्याही कुलपात फिरते. फिरली की दार उघडतं, कधी कुलूपच अडकतं. ‘नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी’ हे म्हणणं इथेच लटकं पडतं. निसर्गानं हा कारखाना मुळात उपद्रवासाठीच काढलेला आहे.

दूध, कॅन आणि मांजर

रेसरपिननं नेमकं काय केलं, हे समजायला सकाळी सहाला दूध संस्थेच्या दारात उभं राहू.

मेंदूतल्या दोन पेशींमध्ये अगदी बारीक फट असते. एका पेशीकडून दुसरीकडे निरोप जातो तो सेरोटोनिन, नॉरॲड्रेनालिन, डोपामिन अशा रसायनांतून. ही रसायनं म्हणजे दूध समजा. पेशीत ते सुटं ठेवत नाहीत, छोट्या पिशव्यांत भरून ठेवतात. त्या पिशव्या म्हणजे दुधाचे कॅन. निरोप आला की कॅन फटीत रिकामा होतो, पलीकडची पेशी हवं तेवढं घेते, आणि उरलेलं दूध एक गडी परत आत नेऊन पुन्हा कॅनमध्ये भरतो. पेशीत एक मांजरही असतं. कॅनबाहेर सुटं दिसेल ते दूध ते फस्त करतं. या मांजराचं शास्त्रीय नाव मोनोअमाइन ऑक्सिडेज.

रेसरपिन कॅन भरण्याची वाटच बंद करतं. दूध बाहेर राहतं, मांजर पिऊन टाकतं, आणि दुसऱ्या दिवशी संस्थेकडे पाठवायला कॅन रिकामे. अमेरिकेत बेथेस्डा इथल्या ब्रॉडी यांच्या गटानं १९५५ मध्ये दाखवलं की रेसरपिन दिल्यावर सशाच्या मेंदूतलं सेरोटोनिन आटतं.

याच सुमारास दुसऱ्या टोकाला एक योगायोग घडला होता. १९५२ मध्ये अमेरिकेत क्षयरोगाच्या रुग्णांना इप्रोनायझिड नावाचं नवं औषध दिलं, तर काही रुग्ण वॉर्डातच आनंदानं हिंडू लागले. पुढे कळलं की हे औषध मांजराला बांधून ठेवतं. एका औषधानं दूध आटतं आणि माणूस खिन्न होतो, दुसऱ्यानं दूध साठतं आणि माणूस खुलतो. मग नैराश्य म्हणजे दुधाचा तुटवडा, असा तर्क करणं ओघानं आलंच. १९६५ मध्ये जोसेफ शिल्डक्राउट यांनी तो व्यवस्थित मांडला. त्याच विचारातून १९८७ मध्ये अमेरिकेत फ्लुओक्सेटिन हे औषध मान्य झालं. ते उरलेलं सेरोटोनिन परत नेणाऱ्या गड्याला दारात अडवून धरतं, त्यामुळे दूध फटीत जास्त वेळ राहतं.

गोष्ट इतकी नीट जुळली की ती खरीच असणार असं सगळ्यांना वाटलं. पण १९५५ मध्येच लंडनच्या डेव्हिस आणि शेफर्ड या दोघांनी चिंतेनं आणि खिन्नतेनं ग्रासलेल्या रुग्णांवर रेसरपिनची काटेकोर चाचणी घेतली होती, आणि त्यात रुग्णांना चक्क बरं वाटलं होतं! जुळणाऱ्या गोष्टीत न बसणारा हा पुरावा बराच काळ बाजूला पडून राहिला. शिवाय फ्लुओक्सेटिन घेतलं की गडी काही तासांत अडतो, पण मन वर यायला दोन ते चार आठवडे लागतात. दुधाचाच प्रश्न असता तर दुसऱ्या सकाळीच फरक पडायला हवा होता. आज ‘सेरोटोनिन कमी म्हणजे नैराश्य’ हे समीकरण जाणकार तसंच्या तसं मानत नाहीत. औषधांचा उपयोग अनेकांना होतो हे खरं, फक्त कारण त्याहून गुंतागुंतीचं आहे.

इथे एक गंमत सांगायचा मोह होतो. रेसरपिन दिलेले ससे कान पाडून निपचित पडत. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये त्यांना एल-डोपा हे रसायन दिलं, तर ते उठून हिंडू लागले. सेरोटोनिनचा कच्चा माल देऊन मात्र काही झालं नव्हतं. पार्किन्सनच्या उपचाराची वाट तिथून निघाली आणि २००० साली कार्लसनना नोबेल मिळालं. हे एल-डोपा भरपूर असतं कशात? आपल्या रानातल्या खाजकुयलीच्या बियांत. दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्येच ते त्या बियांतून वेगळं काढलं होतं. एका रानवेलीनं दुसऱ्या रानझुडपाचा उतारा पुरवला म्हणायचा.

टाकीचा बॉलकॉक

मग ताणाचा संबंध कुठे येतो? गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत येतो.

संकट दिसलं की मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला सांगतो, ती मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथीला सांगते, आणि रक्तात कॉर्टिसोल सुटतं. हे कॉर्टिसोल साखर मोकळी करतं, शरीराला सावध ठेवतं. बिबट्या दिसल्यावर हवं तेच. पुरेसं कॉर्टिसोल झालं की तेच मेंदूत जाऊन ‘आता बस’ असं सांगतं. टाकी भरली की बॉलकॉकचा चेंडू वर येऊन पाणी थांबवतो, तसं.

पण बिबट्या निघून जातो, कर्ज जात नाही. उसाचं बिल, मुलीचं लग्न, घरातलं दुखणं हे महिनोन् महिने दारात उभं असतं. सतत पाणी चालू राहिलं की काहींच्या टाकीचा चेंडू गंजतो. कॉर्टिसोल ‘बस’ म्हणतं, पण मेंदूला ते ऐकू येत नाही. स्मरणशक्ती सांभाळणारा हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग या चेंडूच्या कामात महत्त्वाचा असतो, आणि दीर्घ ताणानं त्याच्याच पेशींच्या फांद्या आखडतात. पेशींना वाढवणारं, खतासारखं काम करणारं एक प्रथिन असतं, त्याला बीडीएनएफ म्हणतात. तेही घटतं. शरीरात बारीक दाह धुमसत राहतो. नैराश्याच्या प्रत्येक रुग्णात हे सगळं सापडतं असं नाही. काहींचं कॉर्टिसोल अगदी व्यवस्थित असतं.

तरीही या चित्रानं औषध शोधणाऱ्यांचं लक्ष हललं. दुधाचे कॅन भरण्यापेक्षा चेंडू मोकळा करता येईल का, दाह विझवता येईल का, पेशींना पुन्हा खत घालता येईल का? हळदीतलं कर्क्युमिन, अश्वगंधेतले विथॅनोलाइड, केशरातली द्रव्यं यांच्याकडे संशोधक वळले ते यासाठी.

उंदीर पोहायचा थांबतो तेव्हा

पहिली परीक्षा बहुधा उंदरांची. १९७७ मध्ये पोर्सोल्ट यांनी सुचवलेली पद्धत अशी: उंदराला पाण्यानं भरलेल्या काचेच्या नळकांड्यात सोडायचं. बाहेर पडायची वाट नसते. तो थोडा वेळ धडपडतो, मग नुसता तरंगत राहतो. तरंगण्याचा वेळ म्हणजे ‘हार मानणं’ असं धरतात. औषध दिल्यावर तो जास्त वेळ धडपडला तर औषध पास.

या परीक्षेत झाडपाल्याचे अर्क चिक्कार पास होतात. मला मात्र ही परीक्षा फारशी पटत नाही. तरंगणारा उंदीर कदाचित शहाणपणानं शक्ती वाचवत असेल. आणि उंदीर सकाळी उठून आरशात बघत नाही, त्याला कोणाचे पैसे द्यायचे नसतात. उंदराला दिलेली मात्रा माणसाच्या वजनाच्या हिशेबात बदलली तरी ती अनेकदा मूठभर चूर्ण निघते.

माणसांवरची चाचणी म्हणजे शेतातला प्रात्यक्षिकाचा प्लॉट. नवं खत एका वाफ्याला घातलं आणि पीक चांगलं आलं एवढ्यानं भागत नाही. शेजारी खत न घातलेला, त्याच मातीचा, त्याच पाण्याचा वाफा हवा. कोणत्या वाफ्याला काय, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायला हवं. नैराश्यात तर हे फारच गरजेचं, कारण नुसती पिठाची गोळी दिलेल्या रुग्णांपैकी सुमारे तिसऱ्या हिश्श्याला बरं वाटतं. कोणीतरी दर आठवड्याला बोलावून ‘कसं वाटतंय?’ विचारतं, त्याचाच केवढा आधार असतो.

चौकट: बातमी वाचताना

‘अमुक वनस्पती नैराश्यावर गुणकारी’ असं छापून आलं, तर आधी पाहायचं की हे काचेच्या नळीत झालं, उंदरात की माणसात. माणसांत झालं असेल तर किती जणांत, किती आठवडे, आणि शेजारी पिठाची गोळी दिलेला गट होता का. शेवटी, पानाची चटणी वापरली की त्यातून काढलेला एखादाच घटक. या दोन्हींत उसाच्या कांड्यात आणि साखरेत असतो तेवढा फरक असतो.

सांगलीच्या पेवातून रक्तापर्यंत

आपल्या शेजारची हळद घेऊ. सांगलीची हळदीची पेठ देशभर नाव कमावून आहे, तिथली हळद २०१८ पासून भौगोलिक मानांकनाचीही धनी आहे. एकेकाळी ती हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत साठवत. या हळदीचा पिवळा रंग म्हणजे कर्क्युमिन. प्रमाण वजनाच्या साधारण दोन ते पाच टक्के.

भावनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नैराश्याच्या ६० रुग्णांचे तीन गट केले होते. एकाला फ्लुओक्सेटिन, दुसऱ्याला रोज १००० मिलिग्रॅम कर्क्युमिन, तिसऱ्याला दोन्ही. सहा आठवड्यांनी तिन्ही गटांत सुधारणा दिसली आणि त्यांच्यातला फरक लक्षणीय नव्हता. २०१४ मध्ये हा निकाल छापला गेला. कर्क्युमिन औषधाच्या बरोबरीचं ठरलं, असं यावरून म्हणता येईल का? पिठाच्या गोळीचा वाफाच नव्हता. दर गटात वीसेक माणसं. आशा वाटावी एवढं आहे, त्यापलीकडे नाही.

आता १००० मिलिग्रॅमचा हिशेब घरात लावू. तीन टक्के धरले तर रोज सुमारे ३३ ग्रॅम हळद, म्हणजे चहाचे दहा-अकरा चमचे. आमटी कोणाला गिळवणार नाही. आणि गिळली तरी पुढे नाका आहे.

हा नाका म्हणजे आतडं आणि यकृत. पोटात गेलेल्या अनोळखी रसायनावर इथे शिक्का मारून त्याला बाहेरचा रस्ता दाखवतात. कर्क्युमिनवर हा शिक्का इतक्या झटपट बसतो की रक्तात जेमतेम थेंबभर पोचतं. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये माणसांना कर्क्युमिनबरोबर मिऱ्यातलं २० मिलिग्रॅम पायपरिन दिलं, तेव्हा रक्तातलं प्रमाण कित्येक पटींनी चढलं. मिरी नाक्यावरच्या माणसाला बोलण्यात गुंतवते आणि हळद हळूच पुढे सरकते. आजी हळदीच्या दुधात मिरी टाकायची त्याला आधार मिळाला म्हणून आपण खूश होतो. पण गुंतलेला नाकेदार बाकीच्यांनाही सोडतो. फिटवरचं फेनिटॉइन, दम्यावरचं थिओफिलिन यांचंही रक्तातलं प्रमाण पायपरिननं वाढतं. दुधातली चिमूट वेगळी, रोजची कॅप्सूल वेगळी.

नाकेदार वाढले तर

नैराश्यावर सर्वांत जास्त तपासलेली वनस्पती आपल्याकडची नाही. युरोपातल्या ‘सेंट जॉन्स वर्ट’ या पिवळ्या फुलांच्या झुडपाच्या २९ चाचण्या, साडेपाच हजारांच्या आसपास रुग्ण, असा एकत्रित आढावा २००८ मध्ये निघाला. पिठाच्या गोळीपेक्षा ती सरस आणि नेहमीच्या औषधांच्या तोडीची ठरली. जर्मनीकडच्या चाचण्यांत निकाल जास्त चांगले आले, हेही त्यात नोंदवलं आहे. २००२ च्या अमेरिकेतल्या ३४० रुग्णांच्या चाचणीत मात्र ती पिठाच्या गोळीपुढे गेली नाही. गंमत म्हणजे शेजारी ठेवलेलं सर्ट्रालिन हे प्रस्थापित औषधही मुख्य मोजमापात गेलं नाही!

पण तिचा खरा धडा दुसराच. तिच्यातलं हायपरफोरिन यकृतातले नाकेदार वाढवतं. मिऱ्याच्या नेमकं उलट. मग दुसरी औषधं रक्तात टिकेनाशी होतात. २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये हृदय बदललेल्या रुग्णांची हकिगत आली. शरीरानं नवं हृदय नाकारू नये म्हणून ते सायक्लोस्पोरिन घेत होते. जोडीला हे झुडूप सुरू केलं, सायक्लोस्पोरिनची पातळी घसरली आणि शरीर हृदय नाकारू लागलं. गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन यांचंही असंच होतं. नैराश्याच्या नेहमीच्या गोळीबरोबर घेतलं तर सेरोटोनिनचा पूर येऊन कापरं, ताप आणि जिवावरचं संकट ओढवू शकतं.

अश्वगंधेचं थोडक्यात. २०१२ च्या एका भारतीय चाचणीत ताणाखाली असलेल्या ६४ जणांना ६० दिवस मुळाचा अर्क किंवा पिठाची गोळी दिली. अर्क घेणाऱ्यांचा ताण आणि कॉर्टिसोल दोन्ही जास्त उतरले. ही ताणाची चाचणी होती, नैराश्याची नव्हे, आणि बाजारात हे दोन्ही सर्रास एक करून विकतात. मन उदास असणं, गोडी संपणं हे जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ, दोन आठवडे टिकलं तर डॉक्टर नैराश्याचा विचार करतात. इतर ठिकाणी अश्वगंधेनं यकृताला त्रास झाल्याच्या नोंदीही आहेत. डेन्मार्कनं २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली. मला ती बंदी जरा घाईची वाटते, पण काविळीच्या नोंदी खोट्या म्हणून उडवून लावता येत नाहीत.

पुडीत आहे तरी काय?

ब्राह्मी मागा, तर एक दुकानदार गोल पानांची मंडूकपर्णी देईल, दुसरा जाड बारीक पानांची नीरब्राह्मी. दोन वेगळी कुळं, वेगळी रसायनं, नाव एकच. सर्पगंधेची तर आणखी पंचाईत. औषध मुळात असल्यानं अख्खं झाड उपटावं लागतं. रानातली सर्पगंधा इतकी विरळ झाली की १९९० पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. मग बाजारात तिच्या जागी रस्त्याकडेला सहज उगवणारी तिची मोठी बहीण मिसळली जाते. रेसरपिन तिच्यातही असतं, पण किती, हे पुडी बांधणाऱ्याला ठाऊक नसतं आणि उगाळणारीलाही.

घरात कोणाचं मन असं बसलं असेल, तर केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते, पैसे लागत नाहीत. आणि दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर एक प्रश्न विचारतात, ‘आणखी काही औषध चालू आहे का?’ बहुतेक जण मान हलवतात. नाही म्हणतात. चूर्णाचा डबा घरी देवळीत असतो, सर्पगंधेची मुळी सहाणेशेजारी. ‘औषध कुठलं डॉक्टरसाहेब, नुसता झाडपाला हाय.’